समुद्राकाठी, परवडणाऱ्या सार्वजनिक गोल्फ कोर्सवर कोणी खेळलंय का?

नीलमोहर

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आम्ही दोघं लेकीकडे सॅन होजेला जातोय. तिने फोनवर विचारलं, "आई, या वेळी तुझ्या मनातलं काहीतरी सांग, नुसती मॉलमध्ये फिरवून आणणार नाहीये." माझ्या मनात एकच आहे. समुद्राच्या वाऱ्यात अठरा होल चालत खेळायचे.

आमचे हे तोफखान्यात होते. देवळालीला पोस्टिंग असताना मी पहिल्यांदा सात नंबरची आयर्न, म्हणजे धातूच्या डोक्याचा क्लब (काठी), हातात धरली. मग जिथे बदली होईल तिथल्या छावणीच्या कोर्सवर खेळत राहिले. आता गंगापूर रोडला स्थायिक झालोय. खेळ बेताचा आहे, पण बॉल सरळ जातो आणि चालायला मी कंटाळत नाही.

आजवर जे खेळले ते सगळं कुंपणाच्या आत, ओळखीवर नाहीतर ह्यांच्या हुद्द्यावर. मुंबईला पोस्टिंग कधी झालं नाही, त्यामुळे कोर्सवरून समुद्र पाहिलेला नाही. टीव्हीवर कॅलिफोर्नियातला समुद्राकाठचा पेबल बीच कोर्स बघत आले. त्याची फी सहाशे डॉलरच्या वर आहे म्हणे. एका दिवसाच्या खेळाला एवढे पैसे मला पटत नाहीत, लेकीने भरले तरीही नाहीत.

तर विचारायचं असं की कुणाच्या ओळखीशिवाय, मेंबर नसताना, साधे पैसे भरून आत जाता येईल असा समुद्राकाठचा कोर्स आहे का? साठीच्या बाईला तिथे अवघडल्यासारखं होतं का? आणि वाऱ्यात खेळायची तयारी नाशकात बसून कशी करायची?

कसारा लोकल

ताई, नाशकात गोल्फ म्हटलं की मला एकच जागा ठाऊक, गोल्फ क्लब मैदान. रोज सकाळी तिथल्या ट्रॅकवर चालतो. क्रिकेटचे बॉल पुष्कळ चुकवलेत, गोल्फचा एकही नाही.

रविवारची मिसळ

@कसारा लोकल, मी तिथे रणजीचे सामने पाहिलेत. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला अजूनही "गोल्फ क्लब" सांगावं लागतं. ताई, मला गोल्फमधलं काही कळत नाही, पण धागा वाचतोय. प्रश्न आवडला.

खाडीपलीकडे

नीलमोहर ताई, मी मूळचा पंचवटीचा, आता बरीच वर्षं बे एरियात आहे. तुम्ही विचारताय तसा कोर्स लेकीच्या घरापासून गाडीने दीडेक तासावर आहे. पॅसिफिक ग्रोव्ह गोल्फ लिंक्स. शहराच्या मालकीचा. फोन किंवा वेबसाइटवरून वेळ घ्यायची, पैसे भरायचे आणि खेळायचं. तुमचे वडील कोण, क्लब कुठला, हे कोणी विचारत नाही. फी वाराप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलते, पण पेबल बीचच्या मानाने अगदी छोटा हिस्सा. दुपारनंतरचा ट्वायलाइट दर आणखी कमी असतो.

आता खरी गंमत. कोर्सचे दोन अर्धे दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या काळात केलेत. पहिले नऊ होल चँडलर ईगन याने १९३२ मध्ये आखले. ते घरांच्या आणि झाडांच्या मधून जातात, शेजारी गावचं कब्रस्तान आहे आणि हरणं फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या आखूड गवताच्या पट्ट्यावर) निवांत चरत असतात. सुरुवातच सलग दोन पार-थ्रीने (तीन फटक्यांत संपवायच्या छोट्या होलने) होते, त्यामुळे ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबची, घाई करू नका. दुसरे नऊ होल १९६० मध्ये जॅक नेव्हिलने केले. हा तोच नेव्हिल, ज्याने १९१९ च्या पेबल बीचच्या आखणीत हात घातला होता. म्हणजे ज्या माणसाचं काम बघायला लोक सहाशे डॉलर मोजतात, त्याचंच काम इथे गावच्या दरात खेळायला मिळतं.

दहाव्या होलनंतर झाडं संपतात आणि तुम्ही वाळूच्या टेकड्यांत शिरता. समोर पॉइंट पिनोसचं दीपगृह. १८५५ पासून तो दिवा चालू आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर इतकी वर्षं अखंड चालू राहिलेलं दुसरं दीपगृह नाही. त्याच्या भोवतीने होल फिरतात, वाऱ्याची दिशा दर होलला बदलते. सतराव्या पार-थ्रीला मध्ये तळं आहे, तिथे बदकं आणि समुद्रपक्षी बसलेले असतात.

अवघडल्यासारखं होण्याचा प्रश्नच नाही. मी तिथे ऐंशीच्या आजीबाई स्वतःची ढकलगाडी ढकलत खेळताना पाहिल्यात. स्टार्टर (पहिल्या होलवर पाळी लावून देणारा माणूस) तुम्हाला दोघातिघांबरोबर जोडून देईल, ओळख होईल, बास.

सप्टेंबर उत्तम. जून ते ऑगस्टमध्ये तिथे सकाळभर धुकं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात आभाळ मोकळं होतं. तरी स्वेटर आणि वर वाऱ्याचं जाकीट हवंच.

तोफखाना

मॅडम, जय हिंद. सरांना नमस्कार सांगा. मीही देवळालीचाच.

मुंबईत कुलाब्याला यूएस क्लबचा (युनायटेड सर्व्हिसेस क्लब) कोर्स अगदी समुद्राला लागून आहे, पण तो सैन्यदलांचा. सर्वसामान्यांना तिथे पैसे भरून जाता येत नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तो नाही. तुम्ही दोघं मात्र एखादवेळी जाऊन या.

लेकीकडून पुढे दक्षिणेला सॅन दिएगोपर्यंत जाणं जमलं तर टॉरी पाइन्स बघा. तोही शहराचाच. २००८ आणि २०२१ च्या यूएस ओपन या मोठ्या स्पर्धा तिथे झाल्या. २००८ मध्ये टायगर वुड्स मोडक्या पायाने खेळला, अठरा होलचा प्लेऑफ (बरोबरी फोडायचा जादा खेळ) पुन्हा बरोबरीत सुटला आणि त्यापुढच्या एका होलवर त्याने रोको मेडिएटला हरवलं. ज्या गवतावर हे घडलं तिथे शहरातला रहिवासी कमी दरात खेळतो. बाहेरच्याला बराच जास्त दर आहे, हे आधीच सांगतो.

आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट: दुसऱ्या महायुद्धात त्याच कड्यावर कॅम्प कॅलन होता, विमानविरोधी तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र. युद्ध संपलं, छावणी उठली, आणि १९५७ मध्ये शहराने तिथे गोल्फ कोर्स उघडला. तोफा डागायची जागा आता कोणाही नागरिकाला बॉल मारायला खुली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नीलमोहर

@खाडीपलीकडे, तुमचा प्रतिसाद लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. दीपगृह ऐकून ती पण यायचं म्हणतेय, आणि तिने आजवर क्लबला हातसुद्धा लावलेला नाही!

@तोफखाना, ह्यांनी नमस्कार सांगितलाय. कॅम्प कॅलनचं ऐकून खुर्चीतून उठलेच.

पाटबंधारे

धागा रंगलाय, पण मला इथे वेगळं बोलायचंय. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, त्यामुळे हिरवळ दिसली की माझ्या डोक्यात पाण्याचा हिशेब सुरू होतो.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. अठरा होलच्या कोर्सवर समजा वीस हेक्टर गवताला पाणी द्यायचं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर द्यायचं. रोजचे दहा लाख लिटर झाले. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हा आपल्याकडचा निकष धरला तर सात हजारांवर माणसांचं पाणी. एप्रिल-मेमध्ये त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. धरणं जवळ असून ही परिस्थिती.

त्यामुळे ताईंनी जरूर खेळावं, माझ्या शुभेच्छा. पण "नाशकातही असा कोर्स हवा" ही मागणी या धाग्यावरून पुढे येणार हे मला दिसतंय, आणि तिला माझा आताच विरोध नोंदवतो.

रविवारची मिसळ

+१. हिशेब पटला.

कसारा लोकल

काका, मागणी अजून कोणी केलेलीच नाही आणि तुम्ही ती फेटाळलीत पण! एवढ्या वेगाने फाइल हललेली मी पहिल्यांदा पाहिली.

पाटबंधारे

@कसारा लोकल, निवृत्तीनंतर वेग वाढतो. :)

उत्तरवारा

मी मूळची नाशिकरोडची, सध्या स्कॉटलंडमध्ये डंडीला आहे. पाटबंधारे काकांच्या हिशेबाला दुसरी बाजू आहे, ती या खेळाच्या जन्मगावात दिसते.

इथले जुने कोर्स ज्या जमिनीवर आहेत ती जमीन म्हणजे समुद्र आणि शेती यांच्यामधला वाळूचा पट्टा. नांगर चालत नाही, पीक येत नाही. मेंढ्या आणि ससे चरायचे, त्यामुळे गवत आपोआप आखूड. वाळूत पाणी मुरतं, म्हणून पाऊस थांबला की अर्ध्या तासात खेळता येतं. गवतही फेस्क्यू जातीचं, बारीक, कमी पाण्यावर आणि कमी खतावर तगणारं. उन्हाळ्यात ते पिवळं पडतं आणि कोणाला त्याची लाज वाटत नाही. टीव्हीवर जे हिरवंगार दिसतं, ते म्हणजे गोल्फ नव्हे. मुळातला गोल्फ पुष्कळदा पिवळाच असतो.

सेंट अँड्र्यूज माझ्याकडून बसने जाण्याइतकं जवळ आहे. तिथला ओल्ड कोर्स गावाच्या मालकीचा आहे, १९७४ पासून एक ट्रस्ट तो सांभाळतो. १७६४ मध्ये तिथे बावीसचे अठरा होल केले आणि पुढे जगाने तो आकडा उचलला. पाहुण्यांना ओल्ड कोर्स महाग पडतो, शिवाय नाव सोडतीत निघावं लागतं आणि हँडिकॅपचा (खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला लागतो. गावकऱ्यांना मात्र वर्षभराचा पास फार स्वस्तात मिळतो. आणि रविवारी तिथे खेळ बंद! त्या दिवशी तो कोर्स म्हणजे गावची बाग. लोक कुत्री, बाबागाड्या, डबे घेऊन फेअरवेवर येतात. एरवीसुद्धा पहिल्या आणि अठराव्या होलला आडवा छेद देत एक सार्वजनिक रस्ता समुद्राकडे जातो, खेळणारे लोकांसाठी थांबतात. जगातला सगळ्यात नावाजलेला कोर्स, आणि त्याच्यावर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा.

नीलमोहर काकू, तुम्ही इकडे आलात तर दोन ठिकाणी नेईन. एक, सेंट अँड्र्यूजचं हिमालयाज. उंचसखल टेकड्यांचं पटिंगचं (बॉल जमिनीवरून हलकेच होलमध्ये ढकलण्याचं) मैदान, १८६७ मध्ये बायकांच्या पटिंग क्लबसाठी केलेलं. त्या काळात बाईने काठी खांद्याच्या वर उचलणं असभ्य समजत, म्हणून त्यांना फक्त पटिंगची जागा दिली. त्यांनी तोच क्लब आजपर्यंत जोमाने चालवलाय. काही पौंड भरून तिथे कोणीही खेळू शकतं.

दुसरं ठिकाण एडिंबराजवळचं मसलबरा. नऊ होल, चक्क घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत, बाजूला समुद्राची खाडी. तिथल्या क्लबाने १८१० च्या डिसेंबरात ठराव केला की येत्या एक जानेवारीला मासे विकणाऱ्या बायकांची स्पर्धा घ्यायची आणि जिंकणारीला मासे वाहायची नवी टोपली आणि शाल द्यायची. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही सगळ्यात जुनी नोंद मानतात. पाठीवर माशांची टोपली घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या बायका होत्या त्या, त्यांच्या खांद्यांत जोर असणारच. आज त्या कोर्सवर कोणीही खेळू शकतं, जुन्या पद्धतीच्या हिकरी लाकडाच्या दांड्याचे क्लबही भाड्याने मिळतात.

नीलमोहर

उत्तरवारा, हे वाचून मी हातातली कामं टाकून बसले. कोळणींची स्पर्धा! छावणीत आम्हा बायकांसाठी वेगळी वेळ ठरलेली असे, दुपारच्या उन्हातली. आम्ही तीही सोडली नाही.

पाटबंधारे

@उत्तरवारा, उत्तम माहिती. आणि मुद्दा मला मान्य आहे, पण तो तिथला आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर वर्षाकाठी पडणारा पाऊस आपल्या नाशिक शहराच्या पावसापेक्षा फार वेगळा नाही. फरक वाटणीचा आहे. तिथे तो बारा महिने थोडा थोडा पडतो, इथे चार महिन्यांत आटोपतो आणि मग आठ महिने आभाळ कोरडं. वर आपलं ऊन. त्यामुळे तिथलं गवत पावसावर जगतं, आपलं धरणावर. खेळ आणता येतो, हवामान आणता येत नाही.

खाडीपलीकडे

काका, कॅलिफोर्नियाचं हवामान मात्र आपल्यासारखंच अर्धं कोरडं आहे. तिकडे उन्हाळाभर पाऊस नाही. म्हणून पॅसिफिक ग्रोव्हने काय केलं ते सांगतो. गावाने दीपगृहाजवळ सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प उभारला, २०१७ च्या अखेरीस तो सुरू झाला. गोल्फ कोर्स आणि शेजारचं कब्रस्तान, दोन्हींना आता तेच पाणी देतात. नळाचं पिण्याचं पाणी वाचलं.

सगळीकडे असं गोडीगुलाबीने सुटत नाही हेही खरं. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पॅसिफिका गावात शार्प पार्क आहे, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचा. १९३२ मध्ये अलिस्टर मॅकेन्झीने आखला. ऑगस्टा नॅशनलचा आराखडा करणाऱ्यांपैकी तो एक. तिथे खेळायला शिक्षक, बसचालक, निवृत्त माणसं येतात. पण त्याच जागेत लाल पायांचा बेडूक आणि सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप आहेत, दोन्ही कायद्याने संरक्षित. कोर्स बंद करून जागा पाणथळ म्हणून सोडा, असं म्हणत पर्यावरणवादी कोर्टात गेले. शिवाय समुद्र बांधावर धडका देतोच आहे. कोर्स चालू आहे, पण भांडण खरं आहे आणि दोन्ही बाजूंना सच्ची माणसं आहेत.

पाटबंधारे

@खाडीपलीकडे, सांडपाण्याचं वाचून बरं वाटलं. मग त्या कोर्सला माझा आक्षेप उरत नाही. आपल्याकडे तपोवन, आगरटाकळीच्या केंद्रांत पाणी शुद्ध होतं. ते पुन्हा वापरायची वेळ आली तर माझं पहिलं मत बागांना आणि कारखान्यांना, गोल्फला नंतर. पण चर्चा करता येईल, एवढं मान्य.

केळशीकर

मी कोकणातला, नोकरीमुळे सातपूरला असतो. वाळूचा पट्टा, समुद्र, वारा हे वर्णन वाचून कोणाच्या तरी मनात आमचा किनारा येणार म्हणून लिहितोय. कृपा करून येऊ देऊ नका.

आमची वाळू मोकळी पडलेली नाही. तिच्यावर सुरू आणि केवडा आहे, तिच्या आडोशाने गाव उभं आहे. शेजारी वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, फेब्रुवारीपासून पुढे पिल्लं समुद्रात जाताना लोक बघायला येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. मागे हॉटेलचे दिवे लागले तर ती पाण्याकडे जाण्याऐवजी उलटी फिरतात. गोल्फ कोर्स एकटा येत नाही. त्याच्यामागे रिसॉर्ट येतं, बंगले येतात, कुंपण येतं, आणि पाखाडीवरून समुद्राकडे जायची वाट बंद होते. गोव्यात तेरेखोलला असाच प्रकल्प आला तेव्हा गावकरी आणि कुळं उभी राहिली ती याचसाठी.

उत्तरवाराने सांगितलेला रस्ता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. सेंट अँड्र्यूजला लोक कोर्सवरून समुद्राकडे चालत जातात. आपल्याकडे बांधला तर पहिल्या दिवशी गेटवर वॉचमन बसेल.

तळ्यातमळ्यात

@केळशीकर, किनाऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण "आपल्याकडे वॉचमन बसेलच" याला अपवाद आहेत. दिल्लीत लाडो सरायला डीडीएचा (दिल्ली विकास प्राधिकरणाचा) कुतुब गोल्फ कोर्स आहे, पैसे भरून कोणीही खेळावं असा. आपल्या जवळ खारघरला सिडकोचा कोर्स आहे, डोंगरांच्या कुशीत, पांडवकड्याच्या बाजूला. समुद्र नाही, पण दरवाजा उघडा आहे. मी तिथे नेहमी जातो. बँकेत काम करणारे, रिक्षाचा व्यवसाय असलेले, कॉलेजची पोरं, सगळे भेटतात.

भगूर

वाचनमात्र असतो, आज लिहितोय.

लहानपणी शाळा सुटली की मी एका कोर्सवर कॅडीचं काम करायचो. कुठला ते सांगत नाही. साहेबांची बॅग खांद्यावर, उन्हात अठरा होल. कोणत्या ग्रीनचा (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीचा) उतार कुठे आहे, कुठल्या झाडाच्या डावीकडून बॉल काढायचा, हे साहेबांपेक्षा आम्हाला जास्त कळायचं. पण आम्हाला खेळायची परवानगी नव्हती. आम्ही बाभळीची वाकडी काठी तासून, हरवलेले बॉल शोधून, मागच्या माळावर खेळायचो. मातीत डबा पुरून त्याचा होल.

अली शेर कॅडी होता आणि त्याने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली, हे कळलं त्या दिवशी आम्ही पोरांनी माळावर जिलेबी वाटली. म्हणून मला सार्वजनिक कोर्सचं महत्त्व वाटतं. पाटबंधारे साहेबांचं पाण्याचं म्हणणं खरं आहे, माझी आईपण हंडे वाहायची. पण पाण्याच्या नावाने दार बंद झालं तर ते आमच्यासाठीच बंद होतं. ज्यांचे क्लब आहेत त्यांचे चालूच राहतात, त्यांच्या गवताला पाणी मिळतंच. नऊच होल द्या, पिवळं गवत द्या, शुद्ध केलेलं सांडपाणी द्या, पण दार उघडं ठेवा.

पाटबंधारे

@भगूर, तुमचं लिखाण पुन्हा पुन्हा वाचलं. नऊ होल, सांडपाणी, ग्रीन आणि टी (पहिला फटका मारायची जागा) एवढ्यालाच पाणी, बाकी माळ जसा आहे तसा. या अटींवर मी तुमच्या अर्जावर सही करीन. हिशेबही करून देईन.

रविवारची मिसळ

या प्रतिसादासाठी टाळ्या. भगूर, लिहीत राहा.

उत्तरवारा

भगूर दादा, उत्तरेला ब्रोरा नावाचं गाव आहे, तिथल्या कोर्सवर मेंढ्या आणि गाई चरत आल्यात. ग्रीनवर चढू नयेत म्हणून भोवती विजेची तार लावलेली असायची. तिथल्या लोकांनी त्यात कमीपणा मानला नाही. तुमच्या माळावरचा खेळ त्याच जातीचा होता.

नीलमोहर

@भगूर, तुम्ही ज्या वयाचे म्हणताय त्या वयाच्या पोरांनी माझी बॅग उचललेली आहे. मला जे काही वाचता येतं ग्रीनवर, ते त्यांनीच शिकवलंय. तुमचं म्हणणं अगदी पटलं.

आता वाऱ्याचं कोणीतरी सांगा. तिकीट काढून झालंय.

तळ्यातमळ्यात

सांगतो. समोरून वारा असला की माणूस आपोआप जोर लावतो, आणि तिथेच बिघडतं. जोराने मारलं की बॉलवर बॅकस्पिन (उलटी फिरकी) वाढतो, बॉल वर चढतो आणि वारा त्याला तिथेच धरून ठेवतो. म्हणून एक-दोन नंबर मोठा क्लब घ्या, दांडा थोडा खाली धरा, बॉल उजव्या पायाकडे किंचित सरकवा आणि अर्धा-पाऊण स्विंग शांतपणे घ्या. शेवटी हात छातीच्या वर नेऊ नका. बॉल बुटका जातो आणि खूप पळतो.

ग्रीनजवळ सँड वेज (बॉल उंच उडवणारा क्लब) उचलायची सवय मोडा. तिथली जमीन कडक, वेज आपटून उसळते. त्याऐवजी सात नंबरने चिप करून (छोटा बुटका फटका मारून) बॉल घरंगळू द्या, किंवा ग्रीनच्या बाहेरूनच पटर (पटिंगचा क्लब) वापरा. दिसायला साधं, पण त्या जमिनीवर हाच शहाणपणाचा फटका आहे. तुमचा बॉल सरळ जातो म्हणताय, मग तुम्हाला लांब मारणाऱ्यांपेक्षा सोपं जाईल.

सरावाला जून-जुलै सोडू नका. पाऊस उघडला की नाशकात वारा सुसाट असतो. गच्चीवर जाळी लावून बुटका फटका घोटून घ्या.

खाडीपलीकडे

यात एक भर. पॅसिफिक ग्रोव्हच्या टेकड्यांवर आइस प्लँट नावाची रसाळ जाड पानांची वेल पसरलेली आहे. बॉल त्यात गेला तर पराक्रम करू नका, मनगट दुखावेल. दंडाचा एक फटका मोजा आणि बाहेर घ्या.

पूर्ण सेट विमानात नेऊ नका, तिथे भाड्याने मिळतो. फक्त बूट, हातमोजा आणि आवडता पटर न्या. पटर चेक-इन बॅगेतच, केबिनमध्ये घेऊ देत नाहीत. कॉलरचा टी-शर्ट आणि साधी पँट चालते. कॅडीची सवय असेल तर लक्षात ठेवा, तिथे तुमची ढकलगाडी तुम्हीच ढकलायची, बंकर (वाळूचा खड्डा) तुम्हीच सारखा करायचा, उडालेलं ढेकूळ तुम्हीच जागेवर बसवायचं. मागून वेगवान मंडळी आली तर त्यांना पुढे जाऊ द्या. लेकीला सोबत चालायचं असेल तर बुकिंगच्या वेळी विचारून घ्या.

तोफखाना

आणि मॅडम, दीपगृहापाशी वारा कितीही असो, "फोर!" (बॉल येतोय, सांभाळा) ओरडताना देवळालीचा आवाज काढा.

नीलमोहर

@तोफखाना, तो आवाज अजून आहे. शेजाऱ्यांना विचारा. :)

मंडळी, ठरलं. दुपारनंतरची वेळ घेणार, लेक सोबत चालणार, हे फोटो काढणार. पण त्याआधी खऱ्या गवतावर हात बसायला हवा. तळ्यातमळ्यात, तुम्ही खारघरला पुढच्या वेळी कधी जाणार? मला यायचंय. भगूर, तुम्हीही चला. या खेपेला बॅग स्वतःचीच उचलायची.

तळ्यातमळ्यात

येत्या शनिवारी सकाळची वेळ घेतो. चौघांची. माझ्याकडे क्लबचा जुना सेट आहे, भगूर दादांसाठी आणतो.

भगूर

येतो. सेटबद्दल आभार.

पाटबंधारे

मी खेळणार नाही, पण त्यांचं पाणी कुठून येतं ते बघायचंय. चालेल का?

कसारा लोकल

चालेल काका. माझी गाडी आहे, सगळे बसतो. पहाटे चारला पाथर्डी फाट्यावर, उशीर करू नका.

रविवारची मिसळ

चहाचा थर्मास माझ्याकडे. मी पण येतोय.